कडूबाईंचा पट्टा

जेसीबीची किल्ली पदराच्या गाठीत बांधून फिरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. बाकीच्या बायकांच्या गाठीत सुटे पैसे असतात, तंबाखूची पुडी असते, फार तर देवाचा अंगारा असतो. कडूबाईंच्या गाठीत एखाद्या दिवशी दोन-दोन किल्ल्या असायच्या आणि गंगापूर रस्त्याच्या कडेला तितकीच यंत्रं सोंड टाकून, रुसलेल्या हत्तींसारखी उभी असायची. त्यांचे ड्रायव्हर बाभळीखाली बसून कडूबाईंचीच भाकरी खात असायचे. न खाऊन सांगतात कुणाला?

मी तेव्हा मुकुंदवाडीला, स्टेशनाच्या अलीकडे, एका ठेकेदाराच्या कचेरीत सुपरवायझर होतो. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. शहरातून गंगापूरकडे जमिनीखालून फायबरची केबल गेली होती, तिची राखण आमच्याकडे. फायबर म्हणजे केसासारखी काच. तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडाच्या पाठीवर बसून तुमचा फोन, बँकेतले पैसे, तहसीलचा सातबारा, सगळं धावतं. एवढी नाजूक चीज, तर ती नारंगी प्लास्टिकच्या पाइपात घालायची, रस्त्याच्या कडेला पुरायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

देवाचं नाव घ्यायचं कारण असं की त्या वर्षांत सगळा मुलूख खोदायला निघाला होता. पाऊस पडत नव्हता, म्हणून गावोगावी शेततळी, बोअर आणि चर चालले होते. शहर फुगत होतं, म्हणून रस्ते रुंद होत होते, गटारं निघत होती, माळावर प्लॉट पडत होते. दुष्काळही खोदत होता, विकासही खोदत होता, आणि दोघांच्या मधे आमची काच आडवी झोपलेली. म्हणून आम्ही रस्त्याचे पट्टे पाडून राखणदार नेमले होते. राखणदारानं रोज आपला पट्टा चालायचा, कुणी खोदताना दिसलं की थांबवायचं आणि आम्हाला फोन करायचा.

आता गंमत ऐका. ही नोकरी कडूबाईंची नव्हतीच. ती त्यांच्या नवऱ्याची, रखमाजींची. घराणं मेंढपाळाचं. चराईचा माळ प्लॉटवाल्यांनी कुंपणात घेतला, उरलेल्या माळावर गवत राहिलं नाही, तेव्हा कळप विकला आणि रखमाजी आमच्याकडे लागले. त्यांनी चालता चालता फोन करून कुठं पोचलो ते सांगायचं. फोन यायचा तो असा:

"सायब, मी मोरीपाशी हाय."

मागून बाईचा आवाज. "मोरी कवाच मागं गेली. बाभळीपाशी म्हना."

"सायब, बाभळीपाशी हाय."

"नवा बोअर पडू राह्यला ते सांगा की."

"सायब, इथं नवा बोअर..."

"कोनत्या हाताला? सायबाला काय सपान पडनार हाय?"

महिनाभर आम्ही हा द्विपात्री प्रयोग ऐकला. मग आमचे मालक बोराडे साहेब म्हणाले, "त्या पुढच्या माणसाला घरी पाठवा आणि मागच्या आवाजाला कामावर घ्या." रखमाजींना मी इतकं खूश पुन्हा कधी पाहिलं नाही. "सुटलो," म्हणाले आणि घरच्या शेळ्यांकडे गेले.

कडूबाई पन्नाशीच्या. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायात टायरच्या चपला. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी चौकशी केली, बायकोचं माहेर गंगापूर तालुक्यातलं निघालं, आणि निकाल लागला. "म्हंजी माझी भन दिली तुमाला. तुमी दाजी." साहेब म्हणवून घेण्याची माझी हौस तिथंच संपली. दाजी म्हटलं की बाईला टोमणे मारायचा हक्क मिळतो, आणि तो हक्क त्यांनी एक दिवसही वाया घालवला नाही. मी मोटारसायकलवरून गेलो की म्हणायच्या, "आलं का वरातीचं घोडं. उतरा, जरा पायानं बघा केबल."

पायानं बघणं हीच त्यांची पद्धत. केबलच्या वाटेवर ठरावीक अंतरावर सिमेंटचे बुटके खांब असतात. आमच्या नकाशात त्यांना आकडे होते. कडूबाईंना आकड्यांचं वावडं नव्हतं, पण मेंढरांना कुणी आकडे घालतं का, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक खांबाला नाव. कलला होता तो लंगडी. रंग उडालेला तो बांडी. झुडपात लपलेला तो चोरटी. फोन यायचा, "दाजी, बांडीपाशी टॅक्टर उबा हाय, मला त्याचं लक्षन बरं दिसत नाय." मी नकाशात बांडी शोधत बसायचो. शेवटी बोराडे साहेबांनीच कचेरीतल्या नकाशावर पेन्सिलनं सगळा कळप लिहून काढला. वरून एखादा इंजिनियर तपासणीला आला की तो नकाशा आम्ही उलटा करून ठेवत असू.

किल्लीचं सुरू झालं ते रस्तारुंदीत. बाहेरगावचा एक ड्रायव्हर चोरटीच्या अंगावरच यंत्र घेऊन आला. कडूबाई पुढं जाऊन उभ्या राहिल्या. तो वरून म्हणाला, "अम्मा, बाजू हटो, टाइम नहीं है."

"टाइम माज्याकडं लई हाय," कडूबाई म्हणाल्या. "खाली उतर, च्या पी."

चहाचं नाव ऐकून तो उतरला. कडूबाई दुसऱ्या बाजूनं चढल्या. मेंढरू चुकलं की बाभळीवर चढणारी बाई ती, तिला त्या यंत्राचं काय. किल्ली काढली, पदराला गाठ मारली आणि खाली उतरून थर्मासचं झाकण उघडलं. चहा खरोखरच होता. खोटं बोलायच्या नाहीत.

तासाभरानं रस्त्याचा ठेकेदार आला. पांढरी गाडी, पांढरे बूट, गळ्यात गोफ. मीही तोवर पोचलो होतो. तो गाडीतूनच ओरडला, "कोण ही बाई? माझी मशीन अडवते?"

"मशीन नाय अडवली, बाबा," कडूबाई शांतपणे म्हणाल्या. "मशीन ने की. मी फकस्त किल्ली ठिवलीय."

बाईच्या पदराला हात कोण घालणार? तो खाली उतरला, आमचा माणूस येऊन केबलची जागा चुन्यानं आखून देईपर्यंत उन्हात उभा राहिला, आणि जाताना, माझ्यासमोर, कडूबाईंकडून चहा पिऊन गेला. पुढं त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर लांबून बाई दिसली की आपणच किल्ली काढून हातात धरायचे.

आमच्या सलीमभाईंनाही त्यांनी सोडलं नाही. सलीमभाई फायबर जोडणारे. ताटाएवढी पेटी उघडून त्यात दोन काचा समोरासमोर ठेवायच्या, यंत्र बारीकशी ठिणगी पाडतं आणि काच काचेत विरघळते. बघत राहावं असं काम. जोडण्याआधी टोक छाटावं लागतं, आणि छाटलेला तुकडा म्हणजे दिसेल न दिसेल अशी सुई. एकदा सलीमभाईंनी तो बोटानं झटकून टाकला. कडूबाईंनी तळहात पुढं केला.

"हितं ठिव."

"अरे अम्मा, इत्तासा तुकडा है, कौन देखता उसको?"

"शेळी बघत नाय, म्हनून तर खाती. हितं ठिव."

सलीमभाई गुडघ्यावर बसून, चिकटपट्टी मातीवर दाबत, तो तुकडा शोधत राहिले. सापडल्याशिवाय बाईंचा हात मागं गेला नाही. पुढं त्यांनी पेटीत तुकड्यांसाठी बाटली ठेवली आणि आम्हाला सांगत सुटले, "उस पट्टे पे मेरी सास रहती."

अशी बाई असताना त्या पट्ट्यात केबल तुटणार कशी? तुटली. आणि जी तुटली ती यंत्रानं नाही.

दुष्काळाचा तो सगळ्यात वाईट उन्हाळा. एका दुपारी गंगापूरची निम्मी लाईन बंद पडली. कचेरीतल्या मीटरनं जागा दाखवली, मी आणि सलीमभाई जीप घेऊन निघालो. जागा होती रस्त्यालगतची एक वस्ती. पंधरा-वीस घरं, बरीचशी कडूबाईंच्याच भावकीतली. बघतो तर रस्त्याकडेला खड्डा, खड्ड्यात उघडा पडलेला नारंगी पाइप, पाइपाला तापल्या सळईनं पाडलेलं भोक, आणि खड्ड्याभोवती कळश्या, हंडे, घागरी घेऊन बसलेल्या बायका. कडूबाई काठावर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर.

एक तरुण सून मला म्हणाली, "भाऊ, ह्याच्यात पानी कवा सोडत्यात?"

त्यांचा हिशोब असा होता. पाणीयोजनेचा काळा पाइप रस्त्याखालच्या मोरीतून वस्तीच्या बाजूला आला होता आणि आमच्या केबलच्या चार हात आधी थांबला होता. का थांबला, तर 'कंपनीची परवानगी नाय.' आणि तिथूनच हा नारंगी पाइप शहराकडं, कारखान्यांकडं जातो. म्हणजे पाणी इथवर येतं, आणि इथून कंपनी ते उचलून नेते. मला सांगा, त्या उन्हात तुम्ही दुसरा कोणता हिशोब केला असता?

"ह्याच्यात पानी नाय," कडूबाई म्हणाल्या. "उजेड हाय."

"दिसंना मंग?" ही गयाआजी. वस्तीतली सगळ्यात म्हातारी आणि कडूबाईंची चुलत सासू, म्हणजे वादाला कायम तयार.

सलीमभाईंच्या पेटीत लाल उजेडाचा एक पेन असतो. काचेच्या टोकाला लावला की तुटलेल्या जागी लाल चमकतं. त्यांनी लावला. कडूबाईंनी पदराची सावली धरली. सगळ्या बायका वाकल्या. तुटक्या काचेच्या टोकाला कुंकवाच्या कणाएवढा लाल ठिपका उभा होता.

गयाआजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो येतो कुठून?"

"शहरातनं."

"जातो कुठं?"

"गंगापूरला."

"म्हंजी आपल्या दारावरून जातो आन् आत येत नाय," आजी कंबर धरून सरळ झाली. "पान्यासारखंच की."

सलीमभाईंनी जोड घातला, लाईन सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई मुकुंदवाडीच्या कचेरीत हजर.

बोराडे साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. केबल तुटली की वरची कंपनी त्यांची गचांडी धरायची, म्हणून पाइप ओलांडण्याची परवानगी मागणारा अर्ज आला की ते तो ड्रॉवरमधे झोपवायचे. कडूबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "वस्तीच्या पायपाला परवानगी द्या."

"कडूबाई, कालच तुमच्या पट्ट्यात केबल तुटलीय. आणखी एकदा तुटली तर तो पट्टा माझ्याकडून जाईल. म्हणजे तुमच्याकडूनही."

"जाऊ द्या की. पन तुमी पायप जिथं आडवला तिथंच भोक पडलं. दुसरीकडं पडलं का? आजून आडवा, आजून पडंल. मी तिथं रोज उभी ऱ्हाऊन तहानेल्या मान्साला राखू का तुमच्या काचंला?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं.

"तिथं केबल किती खोल आहे हे आपल्यालाही माहीत नाही," साहेब म्हणाले. आणि ते खरं होतं. कागदावर केबल माणूसभर खोल. पुरणाऱ्यांना मुरूम लागला की ती गुडघ्यावर येते. "कुदळीचा एक घाव चुकला की संपलं."

"कुदळ लावनार नाय. लोखंडच लावनार नाय."

"मग काय नखांनी खोदणार?"

"व्हय."

परवानगी मिळाली ती अशी: दिवस एकच, सूर्य मावळायच्या आत काम संपलं पाहिजे, यंत्र नाही, लोखंड नाही. मी तिथं उभं राहून साहेबांना फोनवर कळवत राहायचं. लाईन पडली तर कडूबाईंचा पट्टा गेला. आणि वस्तीचा पाइप आहे तिथंच राहिला, कायमचा.

लोखंडाशिवाय मुरूम उकरायची एकच रीत. आधी पाणी मुरवायचं, मग माती ओरबाडायची. पण पाणी कुठलं? पाण्यासाठीच तर सगळं चाललेलं. टँकर एक दिवसाआड यायचा. कडूबाई घरोघर फिरल्या. भांडी घासलेलं पाणी फेकायचं नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं फेकायचं नाही. आंघोळीचं फेकायचं नाही.

"आंगुळ करतंय कोन हितं?" गयाआजी म्हणाली.

"मंग तोंड धुतलेलं ठिव. तुजं तोंड लई चालतं, पिपभर निगंल."

शपथेवर सांगतो, त्या आठवड्यात वस्तीवर खरकट्या पाण्याचा एक थेंब मातीत गेला नाही. कामाच्या आदल्या संध्याकाळी ते सगळं, वासासकट, आखलेल्या पट्टीवर ओतलं आणि वर ओली गोणपाटं पांघरली.

हा प्रसंग मी शेवटी ठेवलाय, कारण त्यानंतर माझी बदली शहरातल्या कामावर झाली, औरंगपुऱ्याच्या दुकानांना लाईनी द्यायला, आणि कडूबाई मला पुन्हा भेटल्या नाहीत.

सकाळी गोणपाटं उचलली. माती लोण्यासारखी नाही, पण शिळ्या भाकरीसारखी झाली होती. बाया-माणसं उकिडवी बसली आणि सुरू झाली. हातात नारळाच्या करवंट्या, लाकडी उलथनी, एकाच्या हातात तुटकी परात होती ती कडूबाईंनी काढून घेतली. "पत्रा बी लोखंडाचाच भाऊ हाय." पुरुषमंडळींना पहिल्यांदा लाज वाटत होती. करवंटीनं माती काढणाऱ्या गड्याकडं रस्त्यावरच्या जीपमधून लोक बघून हसत होते. थोड्या वेळानं कुणाला लाज राहिली नाही, बोटांत जीव राहिला नाही.

माझ्या कानाला फोन. "लाईन?" "चालू आहे, साहेब." पुन्हा थोड्या वेळानं. "लाईन?" "आहे."

दुपारी नारंगी पाइप दिसला. गुडघाभरच खोल. लोक ओरडले, पण कडूबाई म्हणाल्या, "हिच्या खालनं जायचंय, अजून वरच हाय." काळा पाइप केबलच्या हातभर खालून न्यायचा होता. आणि तिथं ओल संपली. खाली कोरडा मुरूम, दगडासारखा. करवंट्या फुटायला लागल्या. खरकटं पाणी आदल्या दिवशीच संपलेलं. टँकर उद्या.

एक जण म्हणाला, "टिकाव हळूच लावू. दोनच घाव."

"लाव," कडूबाई म्हणाल्या आणि खड्ड्यात उतरून केबलखाली बसल्या. "आदी माझ्या डोक्यात लाव."

त्यानं टिकाव खाली ठेवला. सूर्य पश्चिमेला कलला होता. सगळे नुसते उभे.

गयाआजी घरात गेली आणि कळशी घेऊन आली. प्यायच्या पाण्याची, काठोकाठ नाही, पण भरलेली. खड्ड्याच्या काठावर येऊन म्हणाली, "कडू, हे वतलं तर पानी येईल का? खरं सांग."

मला वाटलं, बाई आता हो म्हणणार. त्या वेळी कुणीही हो म्हटलं असतं.

"पानी येईल का ते पायपवाल्याला इचार," कडूबाई म्हणाल्या. "काच तुटनार नाय. एवढंच माझ्याकडं हाय."

आजीनं कडूबाईंकडं पाहिलं. मग कळशी तिरकी केली. पाणी मुरमावर पडलं आणि सूं करून आत गेलं. तिच्यामागून ती तरुण सून आली. मग घरोघरचे हंडे आले. कुणी कुणाला बोलावलं नाही. मी तोंड दुसरीकडं केलं, कारण साहेबांशी बोलताना आवाज नीट यायला हवा होता.

मुरूम सुटला. केबलखाली जागा झाली तेव्हा आधार गेलेला नारंगी पाइप मधेच झोल घेऊ लागला. कडूबाईंनी तो दोन्ही हातांवर घेतला, नुकतं जन्मलेलं कोकरू घ्यावं तसा, आणि बसून राहिल्या. गुडघ्यांखालून पुरुषांनी काळा पाइप ढकलायला सुरुवात केली. "हळू. माझी मांडी हाय, भित्ताड नाय. हळू." पाइप अडला, सरकला, परत अडला. त्यांचं तोंड चालूच होतं. "दाजी, तिथं उभं ऱ्हाऊन घाम का पुसू राह्यला? काम मी करू राह्यली."

पाइप पलीकडं निघाला. चाळलेली माती खालून भरली, दाबली, केबल तिच्यावर टेकली, तेव्हा कुठं बाईंनी हात काढले. वस्तीकडच्या तुकड्याला जोड घातला. पलीकडं कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवला. आधी पाइप खोकला, मग गढूळ थुंकला, मग धार लागली.

पहिली कळशी गयाआजीनं भरली. कडूबाई खड्ड्याच्या काठावर बसलेल्या, कोपरापर्यंत मातीत. आजी कळशी घेऊन त्यांच्यापुढं आली.

"घे. पी."

"पिनार नाय," कडूबाई म्हणाल्या. "पाय धुवायचेत मला. चांगल्या पान्यानं पाय धुवून उन्हाळा झाला. मेल्यावर धुवालच, आज जित्तेपनी धुवा."

सगळी वस्ती बघत होती. तितक्या पाण्यात एका घराची रात्र निघाली असती. आजी चुलत सासू, कडूबाई सून. कुणाचे पाय कुणी धुवायचे हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? आजी खाली बसली.

"पसर पाय," ती म्हणाली आणि धार धरली. "टाचा बघ, कशा फुटल्यात. मान्साच्या हायेत का म्हशीच्या?"

"बडबड नको. टाचंवर घाल."

फोनवर बोराडे साहेब विचारत होते, "आता काय चाललंय तिथं?"

"पाय धुताहेत," मी म्हणालो.

साहेब म्हणाले, "आणि लाईन?"

"चालू आहे."

गयाआजीनं कळशी परत भरून आणली, आणि कडूबाईंनी दुसरा पाय पुढं केला.